पहिली खोली की तिसरी

"हे जर्नल घ्या आन् दाखला द्या, म्हंजे मी मोकळा," असं म्हणून बापू बागलांनी तपकिरी कव्हरचं जर्नल प्रयोगशाळेच्या ओट्यावर ठेवलं आणि टोपी सारखी करत दारातच उभे राहिले.

मी बेसिनपाशी परीक्षानळ्या धूत होते. कव्हरवरचं अक्षर ओळखलं आणि हात थांबले. ते रंजनाचं जर्नल होतं. दिवाळीची सुट्टी संपून महिना होत आला होता आणि अकरावी सायन्सच्या वर्गात माझ्या शेजारची तिची जागा रिकामी होती. बापू तिचे सख्खे चुलते. वडील वर्षातून एकदा दिवाळीला यायचे, बाकी घराची सगळी सूत्रं बापूंच्या हातात.

"बसा ना," शिकलगार मॅडम म्हणाल्या. त्या आम्हांला केमिस्ट्री शिकवायच्या.

"बसत न्हाई. दोनची एस्टी हाय."

"रंजनाचं लग्न ठरवलंय असं ऐकलं."

"कोन म्हनलं?" बापू हसले. "छ्या! पोरगी म्हटल्यावर बोलनी व्हनारच की. ठरलं तर पत्रिका देऊ की तुमास्नी, बाई."

"सोळा वर्षांची आहे ती."

"आमची आई अकराव्या वर्सी सासरी आली. काय वाकडं झालं तिचं? शान्नव वर्सं जगली." मग ओट्याकडे बोट करून म्हणाले, "त्या जर्नलासाठी जीव खाल्ला बघा पोरीनं. म्हनती, अपुरं ऱ्हायलेलं पुरं केलंय, मॅडमना दाखवल्याबिगर नाव काढू नका. म्हटलं, द्या. जाता जाता टाकू. पानं चाळली मी सगळी. न्हाई म्हंजे, चिठ्ठीचपाटी नसावी. पोरींचं काय सांगावं?"

"मग? सापडली?"

"कसली! आकडेच आकडे."

मॅडमनी दाखल्यासाठी त्यांना ऑफिसकडे पाठवलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "हेमलता, ते जर्नल आत नेऊन ठेव."

आतल्या खोलीत मी दार लोटलं आणि मागून पानं उलटली. शेवटच्या प्रयोगाखाली, जिथं निष्कर्ष लिहायचा तिथं, पेन्सिलीनं नेटकं लिहिलं होतं: उत्तर ३, १, +१, +½.

मला इतका आनंद झाला की मी एकटीच टाळी वाजवली. आज ती टाळी आठवली की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

रंजना बागल माझी मैत्रीण होती एवढं म्हणणं फार थोडं होईल. आमच्या विट्याच्या आसपासच्या गावांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात. गलाई म्हणजे सोन्याचांदीचा कस काढायचा, जुने दागिने वितळवायचे, ॲसिडात घालून चांदी वेगळी, सोनं वेगळं करायचं. त्यापायी ही माणसं पार दक्षिणेत, उत्तरेत, मिळेल त्या गावी जाऊन राहिलेली. रंजनाचे वडील कोईमतूरला होते. त्यांच्या बोटांची टोकं ॲसिडनं पिवळी पडलेली असायची. रंजनानं लहानपणी त्यांना विचारलं होतं, ॲसिड चांदीला खातं आणि सोन्याला का खात नाही? ते म्हणाले, तसंच असतं. या उत्तरावर पोरीचं समाधान झालं नाही आणि ती सायन्सला आली. एवढं साधं कारण घेऊन सायन्सला आलेली दुसरी पोरगी मी पाहिली नाही. आम्ही बाकीच्या मार्क पडले म्हणून आलो होतो.

सुट्टीआधीच्या शेवटच्या तासाला मॅडमनी क्वांटम नंबर काढले. आधीच इंग्रजीतलं पुस्तक, त्यात हा विषय, आमची पार भंबेरी उडाली. मग मॅडम फळा पुसून मराठीवर आल्या. "हे बघा, अणूतल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनला पत्ता असतो. चार आकड्यांचा. पहिला आकडा गाव. दुसरा आळी. तिसरा खोली. आणि चौथा, त्या खोलीत तो कुठल्या कुशीवर निजलाय ते. एका खोलीत दोघंच मावतात, आणि दोघं एकाच कुशीवर कधी निजत नाहीत. म्हणून चारही आकडे सारखे असलेले दोन इलेक्ट्रॉन एका अणूत सापडायचे नाहीत."

वर्ग हसला. रंजना हसली नाही. तिनं हात वर केला. "मॅडम, मग शेवटच्या इलेक्ट्रॉनचा पत्ता कळला, तर अणू कोणता तेपण कळंल?"

"कळेल. पण त्यासाठी खोल्या कुठल्या क्रमानं भरतात ते ठाऊक हवं. ते सुट्टीनंतर."

घंटा झाली. रंजनाचं तोंड उतरलं. "दहा मिनिटं अजून घेतली असती तर काय बिघडत हुतं?" असं ती एस्टी स्टँडपर्यंत पुटपुटत होती.

सुट्टीनंतर खोल्या भरल्या, पण रंजना आली नाही.

तिच्या वाडीची एक बाई बाजारात भेटली, तिच्याकडून कळलं, की दिवाळीला वडील आले ते कोईमतूरच्याच एका गलाईवाल्याचं स्थळ घेऊन. मी मॅडमना सांगितलं. मॅडमचा चेहरा कडू झाला. दोन वर्षांपूर्वी अशाच एका मुलीसाठी त्या फौजदारांना घेऊन आठ दिवस आधी गेल्या होत्या. घरच्यांनी चहा पाजला, "कुठलं लग्न?" म्हणून हात वर केले, आणि तिसऱ्या दिवशी मामाच्या गावी लग्न लावून मोकळे झाले. "यावेळी मांडवातच गाठायचं," मॅडम म्हणाल्या. "ना आधी, ना नंतर. मला नेमका दिवस कळला पाहिजे."

म्हणून एका रविवारी मी वाडीला गेले. सोबत केमिस्ट्रीचं गाईड नेलं, माझ्या मावसभावाचं जुनं. अभ्यासाचं निमित्त. रंजना पडवीत शेंगा फोडत बसली होती, आणि आत तिची चुलती कान देऊन. मीही शेजारी बसून शेंगा फोडायला लागले.

"मॅडम मदत करणार आहेत," मी हळूच म्हटलं. "पण दिवस नेमका पाहिजे."

"अजून धरला न्हाई. धरला तरी मला कोन सांगतंय? कानावर पडंल तवा पडंल."

"पडला की कळव."

"कशी? बापू पत्रंसुदिक वाचत्यात. सातवी पास हायत ते."

आणि इथं माझी अक्कल पाजळली. मी तिला म्हटलं, तारीख म्हणजे एक आकडाच ना? त्या आकड्याचं मूलद्रव्य धर, त्याच्या शेवटच्या इलेक्ट्रॉनचा पत्ता जर्नलाच्या शेवटी लिही, आणि जर्नल मॅडमकडं धाड. चार आकडे. बापूंच्या बापाला कळायचं नाही.

रंजनाचे डोळे असे चमकले! लग्न, बापू, सगळं विसरली क्षणभर. "पर मला खोल्या कुठं येत्यात भरायला? मॅडमनी माझ्यामागं घेतलं ते."

"या गाईडात आहे सगळं. वाच. तुला काय अवघड आहे?"

"वाचते. पंधरा दिवसांत तोंडपाठ करते बघ." मग शेंगेचं टरफल बोटांत चुरत म्हणाली, "हेमे, येशील न्हवं? मला जायचं न्हाई गं. मला बारावी तरी करायची हाय."

"येणार म्हणजे येणार. रंजे, तू नुसती तारीख दे."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही उगाच नाही. जर्नलात कुठंतरी नुसतं त्या मूलद्रव्याचं नाव लिही म्हटलं असतं, तरी बापूंना काय समजणार होतं? पण सोळाव्या वर्षी अंगात शहाणपण मावत नव्हतं.

तर ते चार आकडे. तीन म्हणजे तिसरं गाव. आळ्या शून्यापासून मोजतात, म्हणून एक म्हणजे दुसरी आळी, तिला पी म्हणतात, तिच्यात तीन खोल्या. तिथपर्यंतची गावं-आळ्या भरायला बारा इलेक्ट्रॉन लागतात, म्हणजे या आळीतला पहिला तेरावा, दुसरा चौदावा, तिसरा पंधरावा. आधी प्रत्येक खोलीत एकेक जण जातो, सगळे एकाच कुशीवर, ती अधिक अर्धी; मग जोड्या लागतात. खोल्यांना नंबर असतात: उणे एक, शून्य, अधिक एक. रंजनानं लिहिलं होतं अधिक एक. तिसरी खोली. म्हणजे पंधरा.

बापू गेल्याची खात्री करून मी बाहेर धावले. "मॅडम, पंधरा! पंधरा डिसेंबर. फॉस्फरस!"

"नक्की?"

"मोजून बघा."

मॅडमनी जर्नल घेतलं. पेन्सिलीनं ओट्यावरच तीन चौकोन काढले, डावीकडून उणे एक, शून्य, अधिक एक लिहिलं, एकेक बाण भरत गेल्या. तिसऱ्या चौकोनात थांबल्या. "पंधरा," त्या म्हणाल्या. आणि मग, "पोरीनं घरी बसून आपलं आपण शिकून काढलं गं हे."

पंधरा तारखेला सकाळी आम्ही निघालो. फौजदारांची जीप, पुढं ते आणि ड्रायव्हर, मागं मॅडम, मी आणि एक महिला पोलीस. मॅडमच्या पिशवीत रंजनाच्या दाखल्याची नक्कल होती, जन्मतारखेखाली लाल रेघ मारलेली. मी रस्ताभर बोलत होते. रंजना माझ्या घरी राहील, माझ्या आईला मी विचारलंय, आम्ही एका खोलीत अभ्यास करू. मॅडम हूं हूं करत होत्या.

वाडीत शिरलो तेव्हा वाजंत्री ऐकू येत नव्हती. मला वाटलं, मुहूर्त दुपारचा असेल. बागलांच्या दारात मांडव होता. दोन माणसं त्याच्या मेढी उपटत होती. अंगणात अक्षता सांडलेल्या, त्या कोंबड्या टिपत होत्या.

रंजनाची आई उंबऱ्यात बसली होती. जीप बघून उठलीसुद्धा नाही.

"लग्न कुठाय?" फौजदारांनी विचारलं.

"झालं की," ती म्हणाली. "परवाच झालं."

"परवा म्हणजे?"

"तेरा तारखंला. त्याच सांजच्याला मिरजंला गेली समदी, तितनं आगगाडीनं. आज पोचली असतील कोईमतूरला. तिचा बाप आन् बापूबी गेल्यात पोचवायला."

फौजदारांनी कॅप काढून घाम पुसला. "मॅडम, हे वरातीमागनं घोडं झालं बघा," ते म्हणाले, आणि जीपकडे वळले. त्यांना दुसरीही कामं होती. दोन राज्यांपलीकडं गेलेल्या नवरीसाठी त्या काळात कोणी कागद हलवत नसे. मॅडम त्यांच्यामागं गेल्या, बरंच बोलल्या, हातातली नक्कल दाखवत राहिल्या. फौजदार मान हलवत राहिले.

मी तिथंच उभी होते. रंजनाची आई आत गेली आणि ते गाईड घेऊन आली, जुन्या वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. "तुझं बुक. नेऊ का म्हनत हुती संगं. मी म्हटलं, दुसऱ्याचं हाय, ठेव." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "पोरी, तूच न्हवं हेमा? तुझी लई वाट बघितली तिनं. हळद लावताना बघं, मांडवात उभी केली तवा बघं. मोटारीचा आवाज आला की मान वर करायची. मी म्हटलं, कुनाची वाट बघतीस? तर काय बोलंना."

मला रडू फुटलं. पण त्या रडण्यात दुःख थोडं आणि राग जास्त होता. माझ्या हातून निसटली होती ना ती! आणि माझं तर सगळं बरोबर होतं. मी मोजलं होतं, मॅडमनी मोजलं होतं.

"मावशी, मी आले असते हो!" मी जवळजवळ ओरडलेच. "तिनंच तारीख चुकीची लिहिली! पंधरा लिहिली तिनं! तिला सांगा, तू चुकलीस म्हणावं. गणित चुकलं तुझं. मी आले होते म्हणावं, पण तुझंच चुकलं."

"सांगते," ती माउली म्हणाली. तिला त्यातलं काय समजलं, देव जाणे.

परतताना ते गाईड मी पिशवीच्या तळाशी कोंबलं.

पुढच्या वर्षी बारावीला अकरावीची उजळणी काढली. नागपंचमीची सुट्टी होती, गल्लीत पोरी झोके घेत होत्या, आई मला चार वेळा बोलावून गेली. मी म्हटलं, एवढा एक धडा करते आणि येते. वही सापडेना म्हणून ते गाईड काढलं. त्या दिवसापासून ते मी उघडलं नव्हतं, बघवत नव्हतं म्हणून.

धडा दुसरा. पी आळीचे तीन चौकोन छापलेले. आणि त्यावर डावीकडून लिहिलेलं: अधिक एक, शून्य, उणे एक.

मी परत वाचलं. गाईडवाल्यानं उलटीकडून सुरुवात केली होती. त्याच्या हिशेबानं अधिक एक ही पहिली खोली. चौकोनांखाली पेन्सिलीनं, तिच्या त्या नेटक्या अक्षरात, लिहिलं होतं: १३, १४, १५. तेरावर गोल केलेला. शेजारी, अगदी बारीक: "दोनदा तपासलं."

आईची हाक पुन्हा आली. मी गाईड पोटाशी धरून कोपऱ्यात बसले.

दुसऱ्या दिवशी मॅडमना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तिचं बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "आपलंही बरोबर होतं. अगं, त्या तिन्ही खोल्या सारख्याच. मोजायला कुठून सुरुवात करायची हा नुसता रिवाज. मी डावीकडून उणे लिहिते, दुसरा कोणी अधिक लिहितो. मला सुचायला हवं होतं, गाईड बघायला हवं होतं." त्यांचा आवाज फुटला. मॅडमना मी पहिल्यांदाच तसं पाहिलं. "तिला पत्र लिही, हेमलता. आजच लिही. ती चुकली नव्हती म्हणून कळव."

मी वाडीहून पत्ता मिळवला. आंतर्देशीय पत्र आणलं, लिहिलं, चिकटवलं. आणि टाकलं नाही. पेटीपर्यंत दोनदा गेले. गाईड मी दिलेलं. युक्ती माझी. आणि तूच चुकलीस असा निरोप देऊन आले होते तीही मीच. पत्र टाकलं की हे सगळं कागदावर माझ्या नावानं उभं राहणार होतं. उद्या टाकते म्हटलं. मॅडमनी एकदा विचारलं, "टाकलंस?" मी म्हटलं, "हो." मग परीक्षा आली, मग कॉलेज, मग त्या पत्राचं काय झालं ते मलाही सांगता यायचं नाही.

मी केमिस्ट्रीच शिकवते आता, विट्यातच. मॅडम जाऊन आठ वर्षं झाली. गलाईची माणसं चैत्रात यात्रेला गावी येतात, त्या आठवड्यात मी दरवर्षी बहिणीकडे साताऱ्याला जात असे. कोणाला काही सांगितलं नव्हतं, पण जात असे. दोन वर्षांमागं बहीणच आजारी म्हणून माझ्याकडे आली आणि माझं जाणं राहिलं.

भर दुपारी दार वाजलं. दारात एक भरल्या अंगाची बाई, जरीकाठाची साडी, अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा. "वळखलंस का, हेमे?" म्हणाली, आणि हसली.

सव्वीस वर्षांनी तिला बघत होते. मी तिच्या गळ्यातच पडले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जणू रडण्याचं कारण माझं होतं.

चहा झाला. दोन मुलं, मोठ्याचं लग्न ठरलेलं. नवरा चांगला निघाला म्हणाली, देवमाणूस आहे, कधी आवाज चढवला नाही. दुकानात तीही बसते.

"तू मास्तरीण झालीस ते आईकडनं कळलं हुतं," ती म्हणाली. "तेच शिकवतीस न्हवं? गाव, आळी, खोली?"

"आठवतं तुला?"

"न आठवून काय." तिनं बशी खाली ठेवली. "तुझा निरोप दिला हुता आईनं. तारीख चुकली म्हनून. लई रडले बघ. तू आली हुतीस, जीप घेऊन आली हुतीस, आन् माझ्याच चुकीनं सगळं ऱ्हायलं. तुझ्यावर उगंच रुसले हुते तवर."

"रंजे..."

"ऐक गं. त्यानंतरच्याच पावसाळ्यात आमच्या ह्यांनी एक दिवस सतरा नंबरचा फॉर्म आनला. गावाकडनं मागवलेला. म्हनले, घरी बसून बाहेरनं बारावीला बस. सायन्स न्हाई तर न्हाई, आर्ट्स कर, पर शिक. मामंजीबी हो म्हनले. कुनाचं नशीब असतंय असं?" ती हसली, आणि मला ते हसू बघवेना. "मीच न्हाई म्हनले. म्हटलं, जिला तीन खोल्या मोजता आल्या न्हाईत, ती काय परीक्षा देनार? एवढं मन लावून केलं हुतं गं मी ते. दोनदोनदा तपासलं हुतं. तरी चुकलं, तवाच वळखलं, आपल्या डोक्यातलं न्हाई हे. पुन्यांदा पुस्तक हातात घेतलं न्हाई."

आता तरी बोललंच पाहिजे होतं.

"रंजे, तू चुकली नव्हतीस."

"असूदे गं आता."

"नाही. ऐक माझं. गाईडात उलटीकडून होतं. तू गाईडासारखं मोजलंस, मी मॅडमसारखं मोजलं. तुझं उत्तर बरोबर होतं. तेराच होतं ते. एका पोरीनं घरात बसून, कोणी न शिकवता, अगदी बरोबर काढलं होतं. वाचणारी मी चुकले."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूहळू तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला, सोळा वर्षांच्या मुलीसारखा. "बरोबर हुतं?"

"बरोबर होतं."

"मॅडमना ठावं हुतं?"

"त्या म्हणाल्या, तिचं बरोबर आहे."

"अगं बाई," ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले. "बरोबर हुतं की!" मग पदर तसाच धरून तिनं विचारलं, "तुला कवा कळलं हे?"

खोटं बोलायची संधी होती. मी सांगितलं. "पुढच्याच वर्षी. नागपंचमीला."

बाहेर रस्त्यावर यात्रेकरूंच्या गाड्या चालल्या होत्या. रंजनाच्या कपाळाला बारीक आठी पडली, विसरलेली तारीख आठवताना पडते तशी.

"नागपंचमीला," ती म्हणाली. "तो फॉर्म गनपती बसंपतोर आमच्या फडताळात हुता, हेमे. कोराच."